सासऱ्याची काठी

कप्तान कधीच कप्तान नव्हता. लष्करात तो साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि लढाई संपल्यावर साधा शिपाई म्हणूनच घरी आला. कप्तान ही पदवी त्याला गल्लीने दिली. गल्लीने दिलेल्या पदवीचं एक बरं असतं, ती कोणी परत मागत नाही. तो स्वतः म्हणायचा, "सरकारनं दिली असती, तर दरवर्षी जाऊन मीच तो म्हणून सिद्ध करावं लागलं असतं."

त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. आत शिरताना मान वाकवावी लागे, आणि उभ्या जगात तेवढ्या एकाच ठिकाणी कप्तान मान वाकवायचा. वर खिळ्यांना चाकं टांगलेली. खाली पंक्चर शोधायला पाण्याने भरलेलं घमेलं. फळीवर पाने, टायर उचकटायच्या पट्ट्या, काचकागदाचे तुकडे आणि रबर चिकटवायच्या सोल्यूशनच्या पिळून पिळून चपट्या झालेल्या नळ्या. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तो चाक फिरवायचा, स्पोकांवरून नख ओढायचा आणि जो स्पोक बेसूर वाजेल त्याचा वांड पोराचा पिळावा तसा कान पिळायचा.

लढाईला जायच्या आधी हाच माणूस हात सोडून सायकल चालवायचा. शीळ घालत वळणावर आला की वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर यायची. नायकाचा पहिला प्रवेश असावा तसा थाट! टाळी तेवढी पडायची बाकी. त्या डोक्यांमधलं एक पुढे त्याच्या घरात नांदायला आलं. आता तीच सायकल घेऊन तो रोज दुकानात येई, पण तिच्यावर बसून नाही. हँडल धरून, तिच्या आधाराने, पाऊल पाऊल. बघणाऱ्याला वाटे माणूस सायकल नेतोय. खरं तर सायकल माणसाला नेत असे.

दुकानात सायकली येत तशा काठ्याही येत. कप्तान जुन्या टायरचे तुकडे कापून, त्यांचे थर एकावर एक चिकटवून काठ्यांना बूट करून द्यायचा. काठी घसरत नाही आणि चालताना वाजत नाही. या दुसऱ्या गुणाचं गिऱ्हाइकांना जास्त अप्रूप होतं, कारण ही गिऱ्हाइकं बहुतेक त्याच्याच पलटणीतली.

"कोणाची रे ही?" कप्तान विचारायचा.

"सासऱ्याची."

"बरे आहेत ना?"

"गुडघे गेलेत म्हाताऱ्याचे. वाजायला नको म्हणतात. लाजतात."

आठवडाभराने दुसरा यायचा. त्याचीही सासऱ्याची. तिसऱ्याचीही. एकदा एकाने घरमालकाची म्हणून आणली, तेवढाच काय तो बदल. अख्ख्या पलटणीच्या सासऱ्यांचे गुडघे एकदमच कसे गेले, हे कप्तानने कधी कोणाला विचारलं नाही. विचारणार कसा? त्याच्या फळीमागेही एक काठी उभी असायची, आणि तीही सासऱ्याचीच होती. ते सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

लढाईतून कप्तान धडधाकट परत आला होता. अंगावर ओरखडासुद्धा नाही. स्टेशनवर बायकोने त्याला पुढून मागून फिरवून पाहिलं होतं, बाजारात भांडं पारखून घ्यावं तसं, आणि म्हणाली होती, "कुठे चीर नाही. घेते घरी."

चीर होती, पण ती कुठे होती हे कोणाला कळेना. आधी झोप गेली. मग बोटं सुजायला लागली. मग गुडघे. पाठीवर लाल चट्टे उठले, ते यायचे आणि जायचे, नकाशात देशांच्या सीमा बदलाव्यात तसे. पान्याला हात घालायचा आणि पाना कशाला घेतला तेच आठवायचं नाही. सोल्यूशनचा वास नाकात गेला की डोकं गरगरायचं, आणि सायकलवाल्याला सोल्यूशनचा वास चुकणार कसा? आजार कधी आत शिरला, कुठल्या दारानं शिरला, काही पत्ता नाही. न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा तो आला आणि घरमालक होऊन बसला.

डॉक्टर पुष्कळ झाले. हाडांचे झाले, कातडीचे झाले, नसांचे झाले. प्रत्येकाने आपापला भाग तपासला आणि माझ्याकडचा माल चांगला आहे म्हणून पुढे पाठवला. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे ढकललं. ते भले गृहस्थ होते. तासभर बोलून म्हणाले, "तुमचं मन तर माझ्यापेक्षा बरं आहे हो."

"रिपोर्ट चांगले आहेत," हे वाक्य कप्तानने इतक्या तोंडांतून ऐकलं, की कोणी ते म्हणायच्या आधीच तो म्हणून मोकळा व्हायचा.

काय झालं असेल? रणभूमीजवळच्या छावणीशेजारी एक मोठा खड्डा होता. त्यात सगळंच जाळलं जायचं. टायर, बॅटऱ्या, औषधं, सडलेले डबे, रंगाची पिंपं. ढगासारखा तो काळा धूर वारा फिरला की तंबूंवर यायचा. सकाळी एक गोळी मिळायची. कसली, ते विचारायचं नाही. तंबूंवर फवारे मारले जायचे. पाण्याला डिझेलची चव असायची. यातलं नेमकं काय बाधलं, की सगळंच, की काहीच नाही? कप्तानला माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं सोंगही त्याने कधी आणलं नाही.

आता मुख्य गोष्ट. जुन्या सैनिकांच्या मोठ्या दवाखान्यात एक तपासणी मंडळ बसायचं. सैनिकाचा आजार लढाईतून आलेला आहे की नाही, हे ते ठरवायचं. आहे म्हणाले, तर तो दवाखाना तुमचा. औषध, उपचार, डॉक्टर जन्मभर तुमच्या मागे. नाही म्हणाले, तर 'प्रकृती उत्तम' असा शेरा घेऊन घरी जायचं. तीनदा मंडळासमोर जाता यायचं. तिसऱ्यांदाही नाही आलं, की दार बंद. मात्र पलटणीतल्या एकाचा जरी आजार मान्य झाला, तरी त्याच पलटणीतल्या सगळ्यांची बंद दारं पुन्हा उघडायची, असा नियम होता. अजून एकाचाही झाला नव्हता.

कप्तान दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा प्रकृती उत्तम.

दुसऱ्या खेपेला बायको बरोबर गेली होती. ती घरी कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल. बोलताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. त्यामुळे बोलणं कधी अडलं नाही, टोचायचं मात्र जास्त. दवाखान्याच्या लांबलचक बोळात ती बाकावर बसून होती आणि तिने सगळा खेळ पहिल्या रांगेतून पाहिला. घरी आल्यावर तिने टाचण्या तोंडातून काढून एकेक करून उशीला टोचल्या. म्हणजे बोलणं मोठं होतं.

"अहो, एक विचारू? आत कोण गेलं होतं?"

"म्हणजे? मीच गेलो होतो."

"नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर रेलून आलात. बोळात दोनदा टेकलात. मग दाराशी पोचलात, काठी तिथल्या पत्र्याच्या पिंपात टाकलीत, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्यात, आणि एक भलताच ताठ माणूस टॉक टॉक बूट वाजवत आत गेला. तुमचा जुळा भाऊ आहे का कोणी? मला लग्नात दाखवला नव्हता."

कप्तान मनगटाशी ओढलेल्या बाह्या वर सारू लागला.

"आणि तो बाहेर आला तो माझ्या अंगावरच कोसळला. म्हणजे मार खायला तुम्ही आणि मिरवायला तो!"

"अगं, साहेबांसमोर काठी टेकत जायचं? बरं दिसतं का?"

"बरं दिसायलाच गेला होतात ना? दिसलात. लिहून दिलं त्यांनी, उत्तम म्हणून." तिने टाचण्यांची उशी बाजूला सारली. "ते पिंप पाहिलंत तुम्ही?"

"मी दुसऱ्यांच्या काठ्यांकडे बघत नाही."

"मी बघितलं. काठोकाठ भरलं होतं. सगळ्या काठ्यांना तुमच्याच हातचे बूट. मी म्हटलं, वा! सगळ्यांचे सासरे आले वाटतं आज तपासणीला."

कप्तानला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला आणि खोकता खोकता त्याने भिंत धरली. बायकोने पाणी आणून दिलं आणि पुन्हा मशीनवर बसली, पण पाय हलवला नाही.

"तुला नाही कळायचं," तो पेला खाली ठेवत म्हणाला. "तिथं रोज सकाळी आम्ही रांगेत उभे राहायचो. साहेब यायचे, विचारायचे, 'काय खबर?' आणि सगळ्यांनी एका आवाजात ओरडायचं, 'ठणठणीत!' कोणी बरं नाही म्हणाला, तर त्याचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर वाटलं जायचं. मला बरं नाही म्हटलं की तारवाला दुप्पट वाहणार, हे मला माहीत. तो म्हणाला तर मी वाहणार. मग कोण म्हणेल? ताप अंगात घेऊन ठणठणीत ओरडायचं. ते तोंडात बसलंय."

"आता कोणाच्या पाठीवर जातंय ओझं?" बायकोने विचारलं.

उत्तर त्याच्या समोरच बसलं होतं.

तारवाला म्हणजे पलटणीतला वायरलेसवाला. एके काळी याची बोटं बिनतारी यंत्रावर पाखरासारखी नाचायची. आता कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर आणि मांडीवरचा जमिनीवर यायचा. त्याच्या तिन्ही खेपा संपल्या होत्या. कप्तानची तिसरी खेप आली, तेव्हा बायकोने त्याला बोलावून घेतलं.

"भावजी, तालीम घ्यायची आहे. तुम्ही मोठे डॉक्टर."

"वहिनी, मी तर रोगी आहे."

"म्हणूनच. डॉक्टर कसे बोलतात ते तुमच्याइतकं कोणाला पाठ असणार?"

शिवणाचं टेबल पुढे ओढलं गेलं. तारवाल्याने बायकोचा मापाचा टेप गळ्यात स्टेथोस्कोपसारखा अडकवला आणि चश्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. कप्तान काठी टेकत दारातून आला, खुर्चीवर बसला.

"काय खबर?" तारवाला गरजला.

"ठणठणीत, साहेब!" कप्तान ताडकन उभा.

"पुन्हा!" बायको ओरडली.

पुन्हा आला. पुन्हा बसला. "काय खबर?" पुन्हा उभा! अंगात स्प्रिंग बसवल्यासारखा. बायकोने त्याला खुर्चीला टेपने बांधायची धमकी दिली. मग म्हणाली, "बरं, निदान तोंडाने म्हणा. 'साहेब, मला दुखतं.' म्हणा."

"साहेब, मला…" कप्तानने काठीची मूठ फिरवली. "साहेब, तसं अधूनमधून जरा…"

"जरा! रात्री कण्हता तेव्हा शेजारी भिंत ठोकतात, ते जरा?"

"लेका, एवढं काय अवघड आहे?" तारवाला चेष्टेने म्हणाला.

"मग तू म्हण!" कप्तान उसळला. "ये, बस इथं. मी होतो डॉक्टर." त्याने टेप ओढून घेतला, टेबलामागे गेला, छाती पुढे काढली. तारवाला खुर्चीत बसला, बायकोकडे बघून डोळा मिचकावला.

"काय खबर?"

"ठणठणीत, साहेब!" तारवाला उभा होता. दोन्ही हात मांडीला चिकटलेले, आणि ते हात थरथरत होते.

दोघे मित्र टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत होते.

"तिन्ही खेपांना हेच म्हणालो रे मी," तारवाला हळूच म्हणाला. "तिन्ही खेपांना. आपल्या पलटणीतला लंबूसुद्धा. सगळेच. आणि घरी येऊन डॉक्टरांना शिव्या घातल्या."

"डॉक्टरांनी तरी काय करावं?" बायको म्हणाली. "तुम्ही नाटक इतकं फर्मास करता."

त्या दिवसापासून कप्तान दुकानातही तालीम करू लागला. चाकाला सांगायचा, "साहेब, बरं नाही." पंपाला सांगायचा. गिऱ्हाइकाने सहज "काय कप्तान, कसं काय?" विचारलं, की दात आवळून म्हणायचा, "वाईट!" गिऱ्हाईक दचकायचं. एक जण तर सायकल तशीच टाकून पळाला. पण शब्द हळूहळू तोंडात रुळू लागला, नव्या बुटासारखा, चावत चावत.

मंडळाच्या दिवशी सकाळी कप्तान बूट शोधू लागला. पॉलिश केलेले बूट जागेवर नव्हते.

"कुठे गेले?"

"गेले फिरायला. चपला घाला, दुकानातल्या."

"आणि दाढी?"

"रोज करता का? नाही ना? मग आज कोणाचं लग्न आहे?"

"अगं, अशा अवतारात?"

"हाच अवतार रोज माझ्यासमोर असतो. मी पाहते, त्यांनाही पाहू दे."

तर असा तो निघाला. दाढीचे खुंट, चपला, नखांत दुकानाचं काळं तेल, आणि वर दुमडलेल्या बाह्या, ज्यांतून लाल चट्टे सरळ जगाकडे बघत होते. बोळात बाकांवर पलटण बसली होती, कारण त्या दिवशी एकाच पलटणीच्या लोकांना बोलावलं होतं. सगळे इस्त्रीत. लंबू तर असा ताठ, की बाकाला टेकून ठेवलेली शिडी. ज्यांच्या खेपा संपल्या होत्या तेही तारवाल्यासारखे सोबतीला आले होते. दाराशी पत्र्याचं उंच पिंप. दारावरचा म्हातारा माणूस दयाळू होता. भिंतीला लावलेल्या काठ्या पडायच्या, म्हणून त्यानेच ते ठेवलं होतं.

"ठेवा इथं. मी बघतो," तो कप्तानला म्हणाला.

"राहू दे माझ्याजवळ," कप्तान म्हणाला. लंबूने तोंड फिरवलं, जणू कप्तान उघडाच आत चालला होता.

आत लांब टेबल. मागे तिघे. मधले मोठे डॉक्टर, पिकल्या मिशांचे, एके काळी लष्करातच असलेले. एका बाजूला तरुण डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक बाई, त्या लिहीत होत्या. कप्तान काठी टेकत गेला आणि कोणी सांगायच्या आधी खुर्चीवर बसला. पहिला अंक पार पडला.

मोठ्या डॉक्टरांनी वर पाहिलं आणि ओळखीचं, प्रेमाचं हसले. दरडावले असते तर कप्तानने तोंड दिलं असतं. पण ते मायेने म्हणाले, "या जवान! काय खबर?"

कप्तान उभा होता. कधी उठला, त्यालाही कळलं नाही. चपला एकमेकींवर आपटल्या, हनुवटी वर गेली, आणि तोंडातून शब्द निघालाच.

"ठण…"

अर्धा शब्द हवेत लोंबकळत राहिला. कप्तानने टेबलाची कड धरली. घशात उरलेला अर्धा शब्द त्याने गिळला. हाडूक गिळावं तसा गिळला.

"नाही, साहेब. बरं नाही."

चार शब्द. पण ते यायला तीन खेपा लागल्या.

"उभे तर छान राहिलात की!" तरुण डॉक्टर म्हणाले. "अगदी झटक्यात."

"तो मी नव्हे, साहेब. तो शिपाई उभा राहिला. हाक आली की तो उठतो, मला विचारत नाही. थांबा जरा, तो गेला की मागे काय उरतं ते बघा."

आणि तो तसाच उभा राहिला. आधी गुडघे थरथरले, मग मांड्या. टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्या हाताच्या कंपाने किणकिणायला लागला. मग कप्तान खुर्चीत कोसळला. त्याने काही लपवलं नाही, खोकलासुद्धा नाही.

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत," तरुण डॉक्टर जरा नरमून म्हणाले.

"मग रिपोर्टना घरी पाठवा, साहेब. मला तपासा."

लिहिणाऱ्या बाईंनी ओठ मिटून हसू दाबलं.

"हे बघा," मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण लढाईमुळे झालं म्हणायचं, तर ते एकट्याला कसं होईल? तुमच्या पलटणीतला दुसरा एकही माणूस या खोलीत कधी काठी घेऊन आलेला नाही. मी स्वतः पाहतोय. सगळे ताठ चालत येतात, ताठ चालत जातात."

कप्तान उठला आणि दाराकडे निघाला.

"अहो, कुठे? झालं नाही अजून!"

"आलोच, साहेब."

त्याने दार उघडलं आणि त्या पत्र्याच्या पिंपाला मिठी मारली. उचलणं शक्यच नव्हतं. त्याने ते ओढायला सुरुवात केली. पत्रा फरशीवर असा किंचाळला, की बोळातली सगळी डोकी वर झाली.

"अरे ए! काय करतोस? माझी आहे त्यात!" लंबू ओरडला.

"तुझी?" कप्तान धापा टाकत म्हणाला. "सासऱ्याची ना?"

पिंप टेबलासमोर आलं आणि कप्तानने ते आडवं केलं. काठ्या खडखडत फरशीभर पसरल्या. वेताची होती, बांबूची होती, झाडूचा दांडा होता, मूठ तुटलेली छत्री होती, हॉकीची स्टिक होती, खिडकीच्या पडद्याची दांडी होती. आणि प्रत्येकीच्या पायात टायरचा काळा बूट.

"ही बघा, साहेब, तुमची ताठ पलटण. हे बूट मीच केलेत सगळे. वाजू नये म्हणून करायचो. चूक केली, वाजायला हवं होतं."

मोठे डॉक्टर टेबलामागून बाहेर आले. त्यांनी झाडूचा दांडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि दारात जाऊन विचारलं, "ही कोणाची?"

लंबूच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सासऱ्याची, साहेब."

"मग बोलवा ना त्यांना आत!" कप्तानची बायको बाकावरून म्हणाली. "किती वेळ ताटकळत ठेवणार म्हाताऱ्याला?"

बोळात हशा उसळला. लंबूही हसला, आणि हसताना त्याचा खांदा खाली आला, मग पाठ वाकली, इस्त्रीचा शर्ट पोटाशी चुरगळला. "माझीच आहे," तो म्हणाला. "द्या इकडे."

"इथे येऊन घे!" कप्तान आतून ओरडला.

आता पंचाईत अशी झाली, की काठ्या आत आणि माणसं बाहेर. इतकी वर्षं ती माणसं त्या दारातून आत जात, तेव्हा अंगातला शिपाई त्यांना उचलून नेई. पण हसल्यावर शिपाई टिकत नाही. लंबू उठला आणि भिंत धरत आला. त्याच्यामागे दुसरा, खुर्चीची पाठ धरत. तिसऱ्याने चौथ्याचा दंड धरला आणि चौथ्याला वाटलं होतं की आपण तिसऱ्याच्या आधाराने उठू. दोघेही परत बाकावर बसले आणि एकमेकांना शिव्या देत पुन्हा उठले. तारवाला सगळ्यांत शेवटी, हवेत चाचपडत. डॉक्टर आपापल्या जागी उभे होते. विचारायला काही उरलंच नव्हतं.

सगळ्यांच्या हातात आपापली काठी आली, तेव्हा खोलीत दाटीवाटी झाली होती.

"हे सगळं खरं," तरुण डॉक्टर शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पण लिहायचं काय? या आजाराला नाव नाही. कारण सापडत नाही."

"नाव ठेवलं नाही म्हणून पोर रडायचं थांबत नाही, साहेब," कप्तान म्हणाला. "कारण मलाही माहीत नाही. धूर असेल, गोळी असेल, आणखी काही असेल. माहीत नाही, तर माहीत नाही असं लिहा. पण काही झालेलं नाही असं लिहू नका. एवढं लिहीपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही. उठवायचं असेल तर 'काय खबर' म्हणून बघा. आता नाही उठायचो."

आणि खुर्चीत तो असा पसरून बसला, की असं बसणं त्याच्या बायकोनेही कधी पाहिलं नव्हतं. पाय लांब, काठी मांडीवर आडवी. पलटणीने ते पाहिलं. मग लंबू भिंतीला टेकत फरशीवर बसला. दुसरा बसला. बघता बघता सगळे साहेबांसमोर, परवानगी न घेता, मांडी घालून, पाय पसरून, जमेल तसे बसले. उभे होते ते फक्त डॉक्टर.

मोठे डॉक्टर मिशीवरून हात फिरवत टेबलामागे आपल्या जागी आले. "मीही त्याच छावणीत होतो," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "तुमच्या आधी." मग बाईंकडे वळले. "लिहा. आजारी आहे. लढाईनंतर आजारी. कारण अद्याप माहीत नाही."

"साहेब, कारणाशिवाय वरचे मान्य करतील?" बाईंनी विचारलं.

"नाही केलं तर त्यांनाही इथे बोलवू," मोठे डॉक्टर म्हणाले. "पिंप आहेच."

आणि मग, आपण काय करतोय हे लक्षात यायच्या आत, त्यांनी हात मागे नेऊन आपली खुर्ची चाचपली आणि कंबर धरत हळूच बसले.

कप्तानचे गुडघे त्यानंतर बरे झाले, असं कोणी म्हणणार नाही. चट्टे येतात, जातात. पण वरच्यांनी मान्य केलं, आणि तो दवाखाना आता त्याचा आहे, तारवाल्याचा आहे, लंबूचा आहे, आणि तिथे हे सगळे इतके भांडतात, की डॉक्टरांना पळता भुई थोडी होते. दर वेळी नवी तपासणी मागतात. रिपोर्ट चांगला आला, की तो परत करतात.

परवा तारवाला जिन्याखालच्या दुकानात आला. बूट झिजलेली काठी त्याने फळीवर आडवी टाकली. कप्तानने टायर कापायची सुरी हातात घेतली आणि जुन्या सवयीने विचारलं, "कोणाची रे?"

"माझी," तारवाला म्हणाला. "आणि लवकर दे. तिच्याशिवाय मला घरी जाता येत नाही."